ताज उलटा बांधलाय म्हणे!

गेटवे ऑफ इंडियासमोर उभं राहून कुणी पाहुण्यांना मुंबई दाखवत असेल, तर पाच मिनिटांत ही गोष्ट येतेच. ताजमहाल हॉटेल उलटं बांधलंय. एका इंग्रज वास्तुविशारदाने (काही जण फ्रेंच म्हणतात) नकाशे काढले, कंत्राटदाराच्या हाती दिले आणि तो सुट्टीवर मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तर काय, इमारतीचं तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे! त्या धक्क्याने त्याने तिथेच जीव दिला. गोष्ट संपली, पाहुणे चकित. चला, आता फोटो काढा.

ही गोष्ट टूरिस्ट गाईड सांगतात, रील्स सांगतात, घरातले काका-मामाही सांगतात. ती खोटी आहे, हेही आता बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पण खोटी म्हणून सोडून देण्याआधी तिच्याकडे जरा नीट बघावं असं मला वाटतं. एखाद्या कथेचं करतो तसं तिचं परीक्षण करावं. कोण पात्र आहे, कोण गाळलंय, शेवट कुणाच्या सोयीचा आहे, हे पाहावं. जुन्या हॉटेलांचा इतिहास आपल्यापर्यंत दस्तऐवजांतून फार कमी येतो, बहुतेक अशा गोष्टींतूनच येतो. आणि या गोष्टींचा स्वतःचा एक साचा असतो.

आधी इमारतीचं बघू. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. गेटवे ऑफ इंडियाचा पायाभरणी समारंभ झाला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आणि ती कमान खुली झाली १९२४ मध्ये. म्हणजे ताज सुरू झालं तेव्हा समोर गेटवे नव्हता, त्याच्यापुढची गर्दी नव्हती, आणि 'समोरून' फोटो काढणारं कुणी नव्हतं. पाहुणे शहराच्या बाजूने घोडागाडीतून येत आणि इमारतीच्या दोन पंखांमधल्या चौकात उतरत. त्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. प्रवेश शहराकडे ठेवल्यामुळे समुद्राकडची सगळी लांबी खोल्यांना मिळाली. शिवाय अपोलो बंदर पूर्वेकडे, बंदराच्या बाजूला आहे. मुंबईचा खारा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, आणि पंखांमधली मोकळी जागा त्याच बाजूला आहे. पंख्यांच्या आणि गाड्यांच्या त्या काळात ही रचना अगदी शहाणपणाची होती. इमारत आहे तिथेच आहे. गेटवे झाल्यावर बघणाऱ्यांची उभं राहण्याची जागा बदलली, एवढंच.

आता पात्रांकडे येऊ. त्या आत्महत्या करणाऱ्या साहेबाच्या जागी प्रत्यक्षात कोण होतं? रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा. काम चालू असतानाच १९०० मध्ये वैद्य वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरं केलं. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचं. आतला तो प्रसिद्ध, अधांतरी वाटणारा जिना त्यांच्याच नावावर आहे. वैद्य काही अचानक उगवलेले नव्हते. बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने उभारलं तेव्हा त्याचे सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव यांचंच नाव नोंदलेलं आहे. मुंबईचं पोस्टकार्ड म्हणून ज्या दोन इमारती जगभर ओळखल्या जातात, त्या दोन्हींत या माणसाचा हात आहे. त्याचं नाव रस्त्यावर दहा जणांना विचारून बघा.

गोष्टीने काय केलं ते आता दिसेल. एक, मराठी वास्तुविशारदाला हटवून तिथे गोरा माणूस बसवला. दोन, कंत्राटदाराला मूर्ख ठरवलं. नकाशा नीट धरता न येणारा देशी माणूस आणि त्याच्या चुकीपायी मरणारा हळवा कलावंत साहेब! १९०३ मध्ये एखाद्या इंग्रजी क्लबात ही गोष्ट कुणी सांगितली असती, तर समजू शकलो असतो. ती आपण आजही आपल्याच लोकांना हसत हसत सांगतो, हे मला जास्त विचित्र वाटतं.

इथे कुणी म्हणेल, हे कारस्थान आहे, मराठी माणसाचं नाव दडवलं. तसं मला वाटत नाही. वैद्यांचं नाव दडवलेलं नाही. ताजच्या इतिहासावरच्या पुस्तकांत आहे, विकिपीडियावर आहे, फोनवर दहा सेकंदांत सापडतं. दोष ऐकणाऱ्याच्या आवडीत आहे. 'वैद्य आणि मिर्झा यांनी वाऱ्याचा आणि रस्त्याचा विचार करून आराखडा केला' या वाक्यात नाट्य नाही. चूक आणि आत्महत्या यांत आहे. चांगलं केलेलं काम गोष्टीत नीट बसत नाही, ही गोष्टींची फार जुनी अडचण आहे.

ताजची दुसरी गोष्ट याहून प्रसिद्ध. जमशेटजी टाटांना वॉटसन्स हॉटेलच्या दारातून परत पाठवलं, कारण ते गोऱ्यांसाठी होतं. त्या अपमानातून त्यांनी ताज बांधलं. ही गोष्ट ऐकताना छाती फुगते, यात वाद नाही. वंशभेद त्या काळात होताच, आणि तो रोजचा होता. पण या प्रसंगाबद्दल इतिहासकारांनी शंका घेतलेली आहे. मला मात्र प्रसंग घडला की नाही यापेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा वाटतो. एक दार, एक नकार, एक सूड. सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांत बसेल असा इतिहास.

या आकारात काय बसत नाही? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, व्यापार हादरला, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत एक माणूस त्याच शहरात प्रचंड हॉटेल बांधायला काढतो, हे बसत नाही. विजेचे दिवे, अमेरिकी पंखे, जर्मन लिफ्ट असला खर्च तो करतो आणि घरच्यांना ते पटत नाही, हेही बसत नाही. असं सांगतात की त्यांच्या एका बहिणीने विचारलं होतं, विज्ञानसंस्था काढतोस, पोलादाचा कारखाना काढतोस, आणि आता म्हणे भटारखाना काढणार? मला ही बहीण अपमानाच्या गोष्टीपेक्षा जास्त खरी वाटते. हॉटेल चालवणं म्हणजे लोकांना रांधून वाढणं, आणि ते प्रतिष्ठित घराचं काम नव्हे, हा समज त्या एका शब्दात आहे. तो समज आजही गेलेला नाही. नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडची मुलं हॉटेल मॅनेजमेंटला जातात तेव्हा एखादे आजोबा अजून विचारतातच, 'म्हणजे शेवटी वाढपीच ना?'

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. हॉटेल सुरू होऊन तेव्हा पुरते सहा महिनेही झाले नव्हते. सूडाच्या गोष्टीला हा शेवटही सोयीचा नाही, म्हणून तो सहसा सांगितला जात नाही.

आणि त्या खलनायकाचं, वॉटसन्सचं काय झालं? तेही बघण्यासारखं आहे. १८६०च्या दशकाच्या अखेरीस ते उभं राहिलं, तेही कसं, तर ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणून इथे जोडले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. म्हणजे आपल्या सगळ्या सिनेमाप्रेमाची जागा ही. पुढे हॉटेल बंद झालं, इमारतीला एस्प्लनेड मॅन्शन नाव मिळालं, आत वकिलांची ऑफिसं, दुकानं, भाडेकरू आले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. जगातल्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत तिचं नाव लागलं. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली, पाडायची की वाचवायची यावर वाद झाला.

दोन्ही इमारती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एक 'हेरिटेज' म्हणून जगते, दुसरी 'धोकादायक' म्हणून. फरक दगड-लोखंडाचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. एकीला सांभाळणारा, दुरुस्त करणारा, आणि तिची गोष्ट सतत सांगत राहणारा श्रीमंत मालक आहे. दुसरीची गोष्ट उरली ती पहिलीच्या गोष्टीतला दुष्ट दरवान म्हणून.

मी नगर जिल्ह्यातला. हल्ली अहिल्यानगर. आमच्याकडे समुद्र नाही आणि ताजच्या तोडीचं जुनं हॉटेलही नाही. पण इमारतींना चुकीच्या गोष्टी चिकटवण्यात आम्ही मुंबईकरांना हार जाणार नाही. पाथर्डी रस्त्याने निघालं की डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते. सगळे तिला चांदबीबी महाल म्हणतात, सहली निघतात त्याही 'चांदबीबीला'. ती आहे निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. चांदबीबी शूर होती, तिने नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, म्हणून उंचावरची देखणी इमारत तिची. सलाबतखानाने काय केलं? कारभार केला. कारभाराची कुणी गोष्ट सांगतं का? तशीच दुसरी गोष्ट फराहबागेची. १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा महाल पाहून शहाजहानला आग्ऱ्याचा ताजमहाल सुचला, असं नगरमध्ये अभिमानाने सांगतात. म्हणजे फराहबाग स्वतःच्या जिवावर सुंदर असून चालत नाही, तिला ताजचा दाखला लागतो.

किल्ल्याचं तर पाहायलाच नको. १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या नेत्यांना मुंबईत पकडून विशेष गाडीने नगरला आणलं, ते याच किल्ल्यात. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं इथे लिहिली. त्या खोल्या लोक आस्थेने बघतात, बघाव्यातच. पण गंमत बघा. राजवाडा असो, तुरुंग असो की हॉटेल, वास्तूचा इतिहास म्हणजे तिथे राहून गेलेल्या मोठ्या माणसांची यादी, हे आपण गृहीतच धरलंय. ताजची यादीही अशीच सुरू होते. इथे सरोजिनी नायडूंचा मुक्काम असे, इथे जिनांची पत्नी रतनबाई शेवटच्या काळात राहिली, इथे अमुक राजा, तमुक गायक. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं हे एका वाक्यात येतं आणि जातं. त्या खाटांवर कोण होतं, त्यांची सेवा कोण करत होतं, हे यादीत येत नाही. ते 'पाहुणे' नव्हते ना!

या यादीबाहेर जाऊन ताजकडे बघणारं एक पुस्तक मला फार आवडतं. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट', २०१२ सालचं. हे इंग्रजी पुस्तक ताजच्या नाचघरातून मुंबईच्या जाझचा इतिहास सांगतं. १९३०च्या दशकात लिऑन ॲबीसारखे आफ्रिकन-अमेरिकन वादक आपले बँड घेऊन ताजमध्ये येतात. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पाहुणा म्हणून जागा मिळणं मुश्कील, ते इथे नामांकित वादक असतात. त्यांचं वाजवणं ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत गोव्याचे तरुण वादक तयार होतात. संध्याकाळी साहेबलोकांपुढे वाजवायचं आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं, असं पुढे या वादकांचं आयुष्य झालं. फर्नांडिस यांची खुर्ची पाहुण्यांच्या टेबलाशी नाही, बँडच्या शेजारी आहे. तिथून तीच इमारत वेगळी दिसते.

आणि तिथूनच ताजचा रस्ता थेट आमच्या जिल्ह्यात येतो. आंतोनियो झेवियर वाझ हा आल्दोन्याचा गोंयकार ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबई गाजवत होता. त्याचा बँड ताजमध्ये वाजे. हाच चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहायक झाला. १९५१च्या 'अलबेला'मधली गाणी ऐका, भगवानदादांच्या त्या निवांत नाचामागे जे ब्रास वाजतं त्यात ताजच्या नाचघराची हवा आहे. चिक आणि त्याचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. आणि सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्माने पुणतांब्याचे, आमच्या नगर जिल्ह्यातले. लग्नाच्या वरातीत 'अलबेला'वर नाचलेल्या गावोगावच्या लोकांनी ताजची पायरीही चढलेली नाही, पण ताजमध्ये घडलेलं काहीतरी त्यांच्या पायांत पोचलं होतं. मला विचाराल तर हॉटेलचा खरा वारसा हा. तो घुमटात नाही, खोल्यांच्या भाड्यातही नाही. माणसं एकत्र आली, एकमेकांकडून शिकली आणि बाहेर पडून आणखी कुणाला तरी देऊन गेली. हा इतिहास हॉटेलच्या मालकीचा राहत नाही, म्हणूनच तो हॉटेलच्या जाहिरातीत सहसा नसतो.

आता त्या तीन रात्रींबद्दल लिहायलाच हवं. २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेला हल्ला ताजमध्ये २९ तारखेच्या सकाळी संपला. तिथे निदान ३१ माणसं मेली. त्यांत पाहुणे होते, तसे कर्मचारीही होते. वाढपी, आचारी, टेलिफोनवर बसणारे, यांपैकी अनेकांना पळून जाता आलं असतं. ते थांबले आणि त्यांनी शेकडो पाहुण्यांना बाहेर काढलं. इमारतीच्या शंभर वर्षांत प्रथमच गोष्ट पाहुण्यांची न राहता घरच्यांची झाली.

पण ती सांगितली कशी? डिसेंबर २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांचा एक गाजलेला लेख आला. प्रश्न असा की हे लोक का थांबले. उत्तराचा एक मोठा भाग असा, की ताज समूह महानगरांऐवजी लहान शहरांतून माणसं निवडतो, कारण तिथे वडीलधाऱ्यांचा आदर, नम्रता, दुसऱ्याचा विचार ही पारंपरिक मूल्यं टिकून आहेत. लेख आदराने लिहिलाय, त्यात अभ्यास आहे. तरी तो वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. लहान शहरातल्या मुलीने गोळ्यांच्या आवाजात चार लोकांचा हात धरून अंधाऱ्या जिन्याने त्यांना खाली आणलं, तर ते धैर्य तिचं स्वतःचं का नसावं? ते लगेच 'संस्कारां'चं आणि निवडप्रक्रियेचं यश का ठरावं? पाहुण्याने धैर्य दाखवलं तर आपण त्याचं नाव विचारतो. नोकराने दाखवलं तर त्याचं प्रशिक्षण विचारतो.

अँथनी मारासचा 'हॉटेल मुंबई' (२०१८) हा सिनेमा निदान एका वेटरला मध्यभागी आणतो. देव पटेलने तो जीव ओतून केलाय. पण हा अर्जुन कल्पित आहे, अनेकांना मिळून बनवलेला. खऱ्या नावाने येतात ते मुख्य शेफ हेमंत ओबेरॉय. पाहुणा देव आहे, हे वाक्य सिनेमात घोषणेसारखं येतं, आणि कर्मचाऱ्यांचं सगळं मोठेपण त्या घोषणेशी इमान राखण्यात दाखवलं जातं. अर्जुनच्या घरचं आपल्याला थोडं कळतं, पण त्याला काय वाटतं हे पाहुण्याच्या संदर्भाशिवाय फारसं कळत नाही. चांगला थरारपट आहे. पण इतिहास म्हणून त्याने तोच जुना जिना धरलाय, पाहुण्यांच्या खोल्यांकडे जाणारा.

याउलट ताजच्या लॉबीतलं स्मारक बघा. तिथे ३१ नावं आहेत. कोण राहायला आलेलं, कोण कामावर असलेलं, सगळ्यांची नावं एकाच ठिकाणी. मला ही या हॉटेलने सांगितलेली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण तिच्यात गोष्ट नाही, फक्त नावं आहेत. वाचणाऱ्याला त्यांच्यात वरचा-खालचा करता येत नाही.

२०१७ मध्ये ताजच्या बाह्यरूपाला ट्रेडमार्क मिळाला. भारतात असा मान मिळालेली ही पहिली इमारत. म्हणजे तो घुमट, ती दर्शनी बाजू व्यापारासाठी वापरायची तर आता मालकांची परवानगी लागते. तुमच्या-माझ्या सेल्फीला अर्थात लागत नाही. कायद्याच्या नजरेने यात गैर काही नाही. पण त्या रेषांचं मोल आता कागदोपत्री नोंदलं गेलंय, त्यांना मालक आहे, त्यांचं रक्षण होतं. त्या रेषांचा आराखडा ज्यांनी पहिल्यांदा कागदावर मांडला त्या माणसाचं नाव मात्र कुणाच्याही रक्षणाखाली नाही. ते रक्षण करण्याची जागा एकच, आपलं तोंड.

मी गोष्टींच्या विरोधात नाही. कोरड्या तारखांनी कुणाला शहर आवडत नाही. पण गोष्ट बदलता येते, आणि बदललेली गोष्टही रंगतदार असू शकते. पुढच्या वेळी गेटवेवर कुणी तुम्हाला सांगेल, 'माहितीये का, ताज उलटा बांधलाय', तेव्हा म्हणा, हो, माहितीये. वैद्य नावाच्या माणसाने बांधायला घेतला, बोरीबंदरच्या कामातही तोच होता. वाऱ्याकडे चौक ठेवला आणि समुद्राकडे खोल्या. पूर्ण झालेला बघायला तो राहिला नाही. मग त्यांना त्या इमारतीच्या मागच्या गल्लीत घेऊन जा. तिथून ती सरळ दिसते.